शेऱ्याची जागा

उद्यमबागेत सव्वीस वर्षं मी कास्टिंगवर हातोडी वाजवतोय.
नीट ओतलेलं बीड घंटेसारखं बोलतं,
आत पोकळी असली की आवाज घशातच बसतो.
पोकळीत लांबी भरून वर रंग मारणारे असतात.
ते मला अंधारातही कळतात.

तरी रोपांच्या बाबतीत दोनदा फसलो.
पहिलं आलं ते लग्नाला निघाल्यासारखं,
पानांना तेल, कुंडीला रिबीन.
उपटलं तर नारळाचा भुसा
आणि भुशात खोचलेली फांदी, मुळाचा पत्ता नाही.
दुसऱ्याच्या खोक्यात निम्मं वजन पाण्याचं.

मग कुणी कालिम्पाँगच्या पासांग तमांगचं नाव दिलं.
म्हातारा फक्त बेगोनिया लावतो.
यादी हातानं लिहितो, हिंदीत,
आणि प्रत्येक रोपापुढं त्याची खोड:
हिला वारा सोसत नाही.
ही हळू वाढते, घाई असेल तर घेऊ नका.
दोष आधी सांगणारा पुरवठादार
मला नोकरीत एकदाही भेटला नव्हता.

नऊ दिवसांनी कुरिअरचा पोरगा दारात.
"सही माडी, अण्णा."
पत्त्यावर बेलगाम, शिक्क्यात बेळगावी,
माझ्या तोंडात बेळगाव.
खोक्यात नेपाळी वर्तमानपत्र, त्यात शेवाळ,
शेवाळात मुळं, पांढरी, टोकं शाबूत.
एक पान मोडलेलं, तेसुद्धा वेगळं गुंडाळून दिलेलं.
रत्नाक्का म्हणाली,
"बारशाचं दुपटं सोडूलालास काय रे?"

पण मागवली होती किरमिजी काठाची.
निघाली राखाडी, अंगभर चांदी सांडलेली, काठ साधा.
चुकीच्या पाटीखाली वाढण्याचं आमच्याकडं कुणाला नवल नाही,
पण माल म्हणजे माल.
सवयीनं दोन प्रतींत अहवाल लिहिला.
मुळं: उत्तम. बांधणी: उत्तम. ओळख: चूक.
शेरा: नामंजूर.
अहवाल टपालात टाकला.
रोप परत करायचं तेवढं राहून गेलं.

आठ महिने उत्तर नाही.
मोरीजवळच्या खिडकीत ती एवढी पसरली
की रत्नाक्कानं कुरकुरत घागर हलवली.

मग एक पोस्टकार्ड, अक्षर तिरकं.
'चूक माझी. तुमची इथं राहिली, माझी तिकडं गेली.
आईच्या हातची ती एकच होती.
दिलेलं परत कसं मागायचं, म्हणून लिहिलं नाही.
चैत्रात गारा पडल्या. काचघर गेलं,
तुमचीही गेली.
माझी जगली असेल तर एक पान पाठवाल?'

नुसतं पान नऊ दिवस काढणार नाही.
ब्लेड गॅसवर तापवलं. पान पालथं केलं.
शिरा जिथं फुटतात तिथं कापल्या.
खाली वाळू फौंड्रीचीच, कोअरसाठी आणलेली,
सात पाण्यांत धुतलेली.
चाळिसाव्या दिवशी शिरेशिरेवर राईएवढी रोपं.
अकरा धरली. मोठी झाल्यावर
आठ मीच बाद केली.

बांधायला बसलो आणि हात थरथरायला लागला.
शेवाळ त्याचंच, जपून ठेवलेलं.
कागद आमचा, एक पान मराठी, एक कन्नड.
तीनदा सोडलं, तीनदा बांधलं.
रात्री खोकं कानाशी धरून हलवलं.
रोप वाजत नाही.
वाजत नाही हे चांगलं की वाईट,
सव्वीस वर्षांत कुणी शिकवलेलं नाही.

चिठ्ठीत खोड आधी लिहिली:
हिला तुमची थंडी आता आठवत नसेल.
खाली तक्ता आखला, मुळं, बांधणी, ओळख.
शेऱ्याची जागा त्याच्यासाठी कोरी सोडली.

कुरिअरच्या काट्यावर चारशे दहा ग्रॅम.
"आत काय?"
"झाडं."
"झाडाची गॅरंटी नाही, अण्णा. इल्लि सही माडी."

मी सही केली.